मागची खडखड

कॅम्परव्हॅनचं मागचं चाक डोंगरावरच्या चिखलात अर्धं रुतलं होतं. दगड घातले, पायपुसणी घातली, सगळं चिखलाने गिळलं.

"रॅम्प काढ," माधवी म्हणाली.

श्रीरंग तिच्याकडे बघतच राहिला. लेकीची व्हीलचेअर गाडीत चढवायला त्यानेच तो लाकडी रॅम्प बनवला होता. लेक जाऊन वर्ष झालं, तरी माधवी रॅम्पला हात लावू देत नव्हती. आजही घाटभर तो मागे खडखडत होता आणि श्रीरंग वैतागला होता.

शेवटी तिनेच तो ओढून चाकाखाली सारला. गाडी निघाली, रॅम्प मोडून चिखलात गेला.

"उचलून आणू?" त्याने विचारलं.

"राहू दे."

घाट उतरताना मागे काहीच वाजलं नाही. वर पुन्हा पाऊस धरला होता. पायथ्याशी श्रीरंगने गाडी माघारी वळवली.