अडाणी आईसमोर

"कॉम्प्युटर सगळा पुसावा लागेल. तुमच्या वडिलांचे फोटोही जातील," दुरुस्तीवाला म्हणाला. पंधरा दिवस गावाला राहून आलेला माझा शहाणा मुलगा पासवर्ड विसरला होता.

मी मेथी बाजूला ठेवली. "सरक."

"आई, तुला एबीसीडी येत नाही."

"रांगोळीचे ठिपके येतात." शेजारी बसून भाजी निवडताना पासवर्ड टाकणारी त्याची बोटं कुठून कुठं जातात, ते मला रोज बघून पाठ झालं होतं. मी तेवढे ठिपके जोडले आणि पडद्यावर आमचे हे हसले.

"म्हणजे चोरून बघत होतीस?"

"चोरून कशाला? बायको आली की हात आडवा धरायचास. माझ्यापुढं उघड दाबायचास, अडाणी ना मी."

दारातून सून म्हणाली, "आई, मलाही ठिपके शिकवा."

"रांगोळी घेऊन ये," मी म्हणाले.