तिपोकोचं छप्पर

‘हे छप्पर तिपोको यांच्याकडे आहे. बदल करायचा असल्यास त्यांना सोडायला सांगा.’

लासिनाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच वाक्य. तिपोकोला मातीत ठेवून आठवडा होत आला होता.

बुर्किना फासोत, वागादुगूच्या त्या कचेरीत सगळे प्रसूतिगृहाच्या एकाच संगणकी मॉडेलवर काम करत. भिंती एकाच्या, तारा लासिनाच्या, छप्पर तिपोकोचं. ज्याने जे हातात घेतलं, ते त्याने सोडेपर्यंत दुसऱ्याला हलवता येत नसे. तिपोको आजारी पडली त्या दुपारी छप्पर हातात ठेवूनच घरी गेली. तिचे शेवटचे बदल तिच्याच संगणकात राहिले, बाकीच्यांपर्यंत पोचलेच नाहीत.

"एलोईभाऊ, तिचा ताबा तोडून टाक ना. मॉडेल तू सांभाळतोस, तुला अधिकार आहे," लासिना म्हणाला. "दुपारी आरोग्य खात्याची माणसं मॉडेल बघायला येऊन बसतील."

"तोडला तर तिचं न पोचलेलं काम जाईल. ते जुनं बुटकं छप्पर परत येईल."

"येऊ दे की. त्याच्याखाली माझ्या तारा नीट बसतात. वर गार हवेची यंत्रं लावू."

"आणि वीज गेली की? बाळंतिणींना उकडून काढणार आहेस?"

वीज किती टिकते, हे वीजवाल्या लासिनाला कोणी सांगायची गरज नव्हती.

उपाय एकच होता. तिच्या खुर्चीत बसून, तिच्याच नावाने ते काम पाठवायचं. पण त्या खुर्चीकडे कोणी बघतही नव्हतं. टेबलावर तिचा बिसाप सरबताचा पेला तसाच होता, तळाशी लाल डाग वाळलेला.

कचेरीच्या प्रमुख इल्बूदोबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एलोई, तू सामो, ती मोसी. तिच्या जागी बसायचा मान तुझाच."

सामो आणि मोसी या दोन जमातींचं नातं मस्करीचं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, एकाकडे मयत झालं की दुसऱ्याने मयताच्या जागी आडवं पडून त्याची नक्कल करायची, आणि हातावर मानाचं कोलाचं फळ पडल्याशिवाय उठायचं नाही. रडायचं काम इतरांचं. एलोई मात्र दफनाला सगळ्यांदेखत रडला होता. तिची खोडी काढल्याशिवाय ज्याचा दिवस उजाडत नसे, त्याला त्या दिवशी एक टोमणा सापडला नाही. तिच्या घरच्यांना ते फार लागलं होतं.

एलोई जाऊन तिच्या खुर्चीत बसला. गुडघे टेबलाला लागले.

"गुलामडे," तो पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "गुलामडे, अर्धं काम टाकून पळालीस! मोसी ते मोसीच. जाताना मालकाला विचारायची रीत नाही?"

कोणीतरी हसलं. इल्बूदोबाईही हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

त्याने काम पाठवलं. प्रत्येकाच्या पडद्यावर प्रसूतिगृहाचं छप्पर भिंतींपासून हातभर वर उचललं गेलं. मधे मोकळी फट राहिली, उकाडा निघून जायला. त्या फटीत आडव्या आलेल्या लासिनाच्या तारा, चूक दाखवत, लालभडक दिसू लागल्या.

"आता मी तारा कुठून नेऊ?" लासिना वैतागला.

एलोईने मान वाकडी केली, अगदी तिच्यासारखी, आणि तिच्यासारखाच नाकात बोलला, "बाळा लासिना, तारांना काही कळा येत नाहीत. त्यांना फिरव भिंतीवरून."

या वेळी सगळेच हसले. हसता हसता एकजण उठून बाहेर गेला.

इल्बूदोबाईंनी पर्समधून कोला काढून त्याच्यापुढे ठेवला. "ऊठ आता. जाऊ दे तिला."

एलोईने कोला मुठीत धरला. तो बराच वेळ उठला नाही. मग त्याने पडद्यावरचं ‘सोडा’ हे बटण दाबलं.

लासिनाने छपरावर बटण दाबून पाहिलं. ‘हे छप्पर कोणाकडेही नाही.’ आता ते हवं तेवढं खाली घेता आलं असतं. पण तो आपल्या तारा एकेक करून भिंतीवर उतरवू लागला.