दुबईचं कार्ड

"बाजूला ठेवला तरी लांबचं ऐकू जाईल ना यातून?" देवरामने तिसऱ्यांदा विचारलं.

संतोषने कपाळावर आठी येऊ दिली नाही. गंगापूर रोडवर मोबाइलचं दुकान चालवायचं म्हणजे एवढं सोसावंच लागतं. सिम कार्डाचा प्रश्न त्याने पाच मिनिटांत मिटवला होता. आपलाच नंबर दुबईला नेला, तर आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जातात. त्यापेक्षा तिथलं कार्ड इथूनच घेऊन जायचं, विमानातून उतरल्यावर फोनमध्ये घालायचं. मग आलेला फोन फुकट.

"तासभर चालू ठेवला तरी?" देवरामने विचारलं होतं.

"तासभर ठेवा. पैसे फोन करणाऱ्याला पडतात."

"मग पडू देत."

इथवर ठीक होतं. पण मग देवरामला हँडसेटही नवा हवा झाला. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. मध्येच उठून शेजारच्या दुकानात डोकावून आला आणि पुन्हा त्याच स्टुलावर बसला. बायकोच्या, सुलाबाईच्या, पिशवीत चांगला चालणारा फोन होता.

"काका, फोन बोलायला घेतात," संतोष म्हणाला. "बाजूला ठेवायला नाही."

"हिला बोलता कुठं येतं? घरी फोन आला की रिसीव्हर हातात धरून टीव्हीसमोर नुसती उभी राहते. येड्यासारखी."

सुलाबाईचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. "आज गुरुवार हाय," ती एवढंच म्हणाली. "सातच्या आत घरी पोचायला पायजे." निफाड काही जवळ नव्हतं. देवरामला वाटलं, हिला उपास सोडायची घाई असेल.

सुलाबाईचं परवाचं विमान होतं. दुबईला दिलेल्या लेकीचे, मोहिनीचे, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण मोहिनीला माहेर उरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ठरलेला साखरपुडा मोडून तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, आणि त्या दिवशी देवरामने सांगून टाकलं, या घरात पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून तो लेकीशी एक शब्द बोललेला नव्हता. तिचा फोन आला की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. माणूस हट्टी होता, आणि हट्टी माणसाला मागे फिरायची वाट लवकर सापडत नाही. म्हणून लेक येणार नव्हती, आईच डिंकाचे लाडू घेऊन दुबईला निघाली होती. आणि बॅग भरल्यापासून याच्या पायाला भिंगरी लागली होती.

"तिथं जावयाचा फोन हाय की," सुलाबाई म्हणाली. "मला नवा कशाला?"

"त्यांच्या फोनवर मी करणार नाय."

संतोषच्या मनात भलतंच आलं. म्हाताऱ्याला बायकोवर पाळत ठेवायची दिसते! त्याने मुकाट्याने सुलाबाईच्या जुन्या फोनमधलं कार्ड नव्या हँडसेटमध्ये घातलं, देवरामच्या मोबाइलवरून त्यावर फोन लावला, स्पीकर चालू केला आणि हँडसेट काउंटरच्या टोकाला ठेवला.

"तुम्ही बाहेर जाऊन ऐका. आम्ही इथे बोलतो." हातात धरल्याशिवाय फोनमधून काही ऐकू जात नाही, अशी सुलाबाईची पक्की समजूत होती.

देवराम रस्ता ओलांडून रसवंतीपाशी उभा राहिला. एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानाला मोबाइल लावला. आधी नुसती खरखर. मग संतोषचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. "काकू, लेक फोन करते का?"

"करते ना. दर गुरुवारी, बरोबर सातच्या बातम्यांना."

"बातम्यांच्या वेळेला?"

"तेव्हा हे टीव्हीशी भांडत बसतात. मंत्र्याला शिव्या, हवामानवाल्याला शिव्या. पोरगी म्हणते, आई, तू बोलू नको, फोन टीव्हीकडं धर. मी आपली धरून उभी राहते. ती तिकडं ऐकत बसते. बापाचा आवाज ऐकायचा असतो तिला." सुलाबाईने आवाज खाली आणला. "यांना नका सांगू हां. कळलं तर गप बसतील, आणि पोरीचं तेवढंबी जाईल."

देवराम उसाच्या चोयट्यांत उभा होता. रसवंतीवाल्याने विचारलं, "हाफ का फुल?" त्याला ऐकू आलं नाही. तीन वर्षं तो टीव्हीचा आवाज वाढवत होता आणि त्यावर ओरडत होता. बायकोला नवा फोन देऊन तो तिकडे खोलीत चालू ठेवायला सांगायचं, आणि इथे गुपचूप बसून लेकीचं बोलणं, बाळाचं रडणं ऐकायचं, असं त्याने आठ दिवस मनात घोळवलं होतं. बापलेकीची अक्कल एकाच मापाची निघाली.

तो रस्ता कसा ओलांडून आला ते त्याचं त्यालाच माहीत. एका रिक्षावाल्याने शिवी हासडली. देवराम, आणि उलट शिवी नाही!

"आला का आवाज, काका?"

"आला." त्याने आपला मोबाइल खिशात टाकला. "दुबईचं कार्ड तेवढं दे. हा फोन नको, हिचा जुनाच बरा."

"अहो, काय झालं?" सुलाबाई घाबरली.

देवरामने घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच वाजले होते. त्याने तिची पिशवी स्वतःच उचलली.

"चल लवकर. आज टीव्ही लावायचा नाय. सातचा फोन मी उचलणार हाय."