बाईंचं उत्तर

"सांग बाईंसमोर. उणे तीन वजा उणे पाच किती?" आत्मारामांनी लेकीला विचारलं.

आर्या पाण्याच्या पिंपाला टेकून उभी होती. सहावीतली पोर. "उणे आठ," ती म्हणाली. बाईंकडे तिनं पाहिलंच नाही.

विनिताबाई ह्याचसाठी रविवार मोडून नालासोपाऱ्यापर्यंत आल्या होत्या. ही मुलगी वर्गात फळ्यावर बरोबर 'दोन' लिहिते आणि गृहपाठातली वजाबाकी मात्र झाडून सगळी चुकवते, हे काय गौडबंगाल? आता समजलं.

"रोज मी स्वतः बसतो हिला घेऊन," आत्माराम म्हणाले. कंपनीला टाळं लागल्यापासून ते घरीच असत. "तीन गेले, वर आणखी पाच गेले. झाले की नाही आठ? तर ही मलाच शिकवते, म्हणे दोन उणे मिळून अधिक! अगं, गेलेलं कधी परत येतं का? आणली दोन दिवसांत वळणावर." टीपॉयवर लाकडी पट्टी होती. ती त्यांनी उचलली आणि पुन्हा ठेवली.

बाई पडल्या गणिताच्या. चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्या बोलणार, तेवढ्यात आत्माराम टीव्ही बंद करायला वळले. आर्याच्या आईनं, आशालतानं, चहा देता देता बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"चूक म्हणू नका हो," ती पुटपुटली. "तुम्ही निघून जाल. मार हिला पडेल."

बाईंनी आर्याकडे पाहिलं. तिनं हात पाठीमागे नेले, पण तळव्यावरचे वळ दिसायचे ते दिसलेच.

"काय बाई, बरोबर ना?" आत्मारामांनी खुर्ची पुढे ओढली.

मेलं ते गणित!

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. बोलल्या आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

आत्माराम मात्र असे खुलले, की त्यांच्यावर धड रागावताही येईना. "बघ! मी काय सांगत होतो? अगं, बाईंना चकल्या आण ना!"

आर्या बाईंना सोडायला दारापर्यंत आली. खाली टँकर आला होता, हंड्यांचा गलका चालला होता. बाई वाकून चपलेचा पट्टा लावत बसल्या. मान वर करायचा धीर होईना.

"बाई," आर्यानं हळूच विचारलं, "मग आता शाळेतपण उणे आठच लिहायचं?"