बांगड्याचा वास

आचऱ्याच्या माळावर तंबूत सिनेमा आला, तो पाहून मासेवाली भागीरथी पदर भिजेपर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी पेडणेकर मास्तर चारचौघांत तिला हसले. "मूळ कादंबरी वाच, मग रड गो. सिनेमावाल्यांनी पार वाट लावलीय तिची!"

भागीरथीला अक्षरओळखही नव्हती. पण ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. पन्नाशीची ती बाई साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली आणि दोन वर्षांनी ती कादंबरी मागायला मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"जपून हाताळ," मास्तर म्हणाले. "तीनदा वाचलीय मी."

महिन्याभराने ती पुस्तक परत द्यायला आली, तेव्हा मास्तरांच्या पडवीत नेहमीची मंडळी जमली होती.

"काय गो, पटलं ना आता?"

"नाय, मास्तरांनू. माका सिनेमाच बरो वाटलो."

मंडळी हसली. मास्तरांनी रागाने पुस्तक उघडलं आणि नाक मुरडलं. "शी! याला बांगड्याचा वास कसला येतोय?"

"छापखान्यातसून इल्ली तशीच होती, मास्तरांनू, सगळी पानां कडेक जोडलेली. मगे मी बांगडे कापतंय त्याच आदाळ्यार बसान एकेक कापलंय."