पहिली बरी की दुसरी

"फोन कुठंय?" सुमनबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"माझ्याकडे फोन नाही, बाई."

लुंबिनीची पत्र्याची पेटी वसतिगृहाच्या रेक्टर सुमनबाईंच्या खोलीत आणून फरशीवर उलटी केली होती. कपडे, जीवशास्त्राच्या वह्या, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. फोन निघाला नव्हता. गादीखालीही सापडला नव्हता.

दाराशी तिचे वडील उभे होते. ज्ञानोबा हदगावला कापसाच्या जिनिंगच्या गेटवर राखणदार होते. बाईंचा निरोप मिळताच सकाळच्या पहिल्या बसनं लातूरला निघून आले होते. घाईत चष्मा घरीच राहिला होता.

"मग हे कुणी लिहिलं?" बाईंनी टेबलावरची चार पानं उचलली. "नाव तुझं, फोटो तुझा. दोन महिन्यांत एकेचाळीस कॉमेंटा. वेळ दुपारची, दोन ते चार. त्या वेळी अभ्यासिका असते ना?"

"मी अभ्यासिकेतच होते."

"हे खातं तुझंच आहे ना?"

"हो. नीटच्या क्लासचा फॉर्म भरताना काढलं होतं."

"माझ्या फोनवरूनच काढलं, मॅडम," ज्ञानोबा म्हणाले. "ओटीपी माझ्याकडंच येतो. खोटं कशाला बोलायचं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "एका चिनी लेखिकेच्या कादंबऱ्या. त्यावर दोन मालिका. ढगांवरचं राज्य, बगळ्यांच्या कुळातली राजकन्या, तिच्यासाठी हजार वर्षं झुरणारा देव. आणि आमची पहिल्या नंबरची मुलगी पहिली बरी की दुसरी, यावर लोकांशी भांडते. पाहिल्यास ना दोन्ही?"

"पहिली पाहिली. दिवाळीत, घरी. दुसरी नाही."

"खोटारडी," भिंतीशी उभी असलेली समीक्षा म्हणाली.

समीक्षा लुंबिनीच्याच खोलीत राहायची. टेस्टमध्ये तिचा नंबर नेहमी दुसरा. चार पानं छापून बाईंना तिनंच दिली होती.

"तुला हे दिसलं कसं?" लुंबिनी तिच्याकडे वळली. "म्हणजे फोन तुझ्याकडं आहे."

"संक्रांतीला घरी गेले होते मी. घरच्या फोनवर दिसलं. तुझ्यासारखी चोरून नाही पाहत."

"गप्प बसा दोघी." बाईंनी पानं लुंबिनीच्या अंगावर टाकली. "वाच. आणि मग सांग, तू लिहिलं नाहीस म्हणून. भाषा तरी बघ. दोन वर्षं लातुरात राहून अजून 'लई' आणि 'न्हाई'. वहीत तुझा एक स्वल्पविराम चुकत नाही. इथं चार पानांत एक स्वल्पविराम नाही."

लुंबिनीनं खाली पडलेली पानं गोळा केली. पहिलं पान तिनं भरभर वाचलं. दुसरंही. तिसऱ्या पानाच्या तळाशी तिची नजर थांबली. तिनं त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मग ज्ञानोबांच्या पायांकडे पाहिलं. चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता.

"बोल," बाई म्हणाल्या.

लुंबिनीनं पानं टेबलावर ठेवली.

"मीच लिहिलंय."

"फोन?"

"फेकून दिला."

ज्ञानोबा दोन पावलं पुढं आले. त्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"तीन महिने राहिले परीक्षेला," ते म्हणाले. "ते काय, मागून बी पाहता येतं. कुठं पळून चाललं ते? आई तुझी लोकाच्या रानात हरभरा काढून राहिली. अन् तू हितं बसून भांडणं करून राहिली?"



"तुमची जागा फुकटची आहे, हे लक्षात असेल," बाई म्हणाल्या. "फोन ठेवायचा नाही हा नियम मोडला की जागा जाते. क्लासही सुटतो. सामान भरा आणि जागा सोडत असल्याच्या या अर्जावर सही करा." त्यांनी ज्ञानोबांच्या हातात पेन दिला.

"बाई, जागा तेवढी काढू नका हो." लुंबिनीचा आवाज पहिल्यांदाच हलला. "काय शिक्षा द्यायची ती द्या. पण परीक्षेपर्यंत राहू द्या."

"तू राहिलीस तर मी नाही राहणार," समीक्षा म्हणाली. "काय लिहिलं हिनं मला, माहितीय बाई? मी एवढंच म्हटलं की दुसरीतला नायक जास्त जीव लावतो. तर म्हणते, तुला नुसता नायकच दिसतो, घरी बाप न्हाई का तुझ्या?" तिनं ओढणीनं नाक पुसलं. "माझे पप्पा जाऊन दोन वर्षं झाली. हे हिला माहीत होतं."

लुंबिनीनं मान खाली घातली. "चुकलं माझं."

ज्ञानोबांनी समीक्षाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हातातला पेन त्यांनी टेबलावर ठेवला.

"मॅडम, काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा."

"आता कशाला?"

"वाचा तर. मला चष्म्याबिगर दिसंना."

"नको, बाई," लुंबिनी घाईनं म्हणाली. "करा ना सही, पप्पा. जाऊ आपण. मी घरी बसून अभ्यास करते."

"का? बापासमोर लाज वाटते?" बाईंनी वरचं पान घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागल्या. "'दुसरीत राजकन्या हरवली की तो नायक धाय मोकलून रडतो अन् समदे म्हणतात लई प्रेम. पहिलीत तिचा बाप हाय त्याच्याकडं कुणी पाहिलं का. तो रडत न्हाई. पोरीला परीक्षेसाठी खाली धरतीवर धाडतो अन्...'"

ओळ पान संपल्यामुळे तुटली होती. उचलताना पानं मागंपुढं झाली होती. बाई पुढचं पान शोधू लागल्या.

"'...अन् रोज दुपारी ढग बाजूला सारून पाहतो,'" ज्ञानोबा म्हणाले, "'पोरगी जेवली का म्हणून.'"