खड्ड्याची राखण

मूठभर मीठ. छत्री. हळदीचा डबा. नाकतोडा. लेकीचा पाळलेला टॅरँटुला कोळी उताणा पडलेला दिसला, तेव्हा सर्जेरावांनी बैलाला पुरतात तसा उसाच्या बांधावर खड्डा खणला, सुपलीतून कोळी आत ठेवला आणि मीठ टाकण्याआधी तिला बारामतीला फोन केला. "आबा, मेला न्हाय त्यो! कात टाकतोय. आता हलवू नका, धक्का लागला तर मरंल." खड्ड्याकडं मुंग्या निघाल्याच होत्या. सर्जेराव भोवती हळदीचं रिंगण घालून, छत्री धरून बसले. "कुणाची राखण, सर्जेराव?" रस्त्यावरून फारुकनं विचारलं. "बाळंतिणीची. हळू बोल." ऊन कलल्यावर लेक एसटीनं आली, तेव्हा रिकाम्या कातेशेजारी नवा, ओलसर कोळी थकून बसला होता. सर्जेरावांनी खिशातला जिवंत नाकतोडा काढला. "भुकेला असंल." "अजून न्हाय, आबा. अंग कडक होऊ दे." कोळ्यांची सर्जेरावांना लहानपणापासून भीती वाटते.